पोटात गेलेलं शिसं, पारा, आर्सेनिक शरीर बाहेर कसं टाकतं?

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या तीन वर्षांच्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट मला व्हॉट्सअपवर पाठवला, शिसं ११ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि खाली एकच ओळ, "ताई, हे बाहेर कसं काढायचं गं?" मी वीसेक वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवतेय, जड धातूंचा धडा दरवर्षी घेते, तरी तिला एका मेसेजमध्ये उत्तर देता येईना. संध्याकाळपर्यंत तिला नातेवाईकांनी कोथिंबिरीचा रस, कुठलीशी डिटॉक्स पावडर आणि "त्याला भरपूर पाणी पाज, लघवीवाटे जाईल सगळं" असे तीन सल्ले दिले होते, सगळे मायेपोटीच, पण तिघांच्याही डोक्यात चित्र एकच होतं, की धातू म्हणजे आतड्याला चिकटलेली घाण आणि जोरात पाणी मारलं की धुऊन निघेल. तसं नसतं. कसं असतं ते मी तिला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत गेले, ते इथे सलग लिहितेय.

आधी तो आकडा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून लहान मुलांसाठी ३.५ ही दखल घ्यायची रेघ धरलीये, त्याआधी ५ होती, त्याच्याही आधी १०. रेघ खाली खाली येत गेली कारण मुलांच्या मेंदूवरचे परिणाम दर वेळी आधी मानलं होतं त्यापेक्षा कमी शिशालाही दिसायला लागले. आणि ३.५ च्या खाली सगळं आलबेल असाही अर्थ नाही, शिशाची सुरक्षित अशी पातळी कुणाला सापडलेलीच नाहीये. युनिसेफने २०२० साली जगभराचा अंदाज मांडला होता, ५ च्या वर शिसं असलेली मुलं साधारण ८० कोटी, म्हणजे दर तीन मुलांमागे एक, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात. म्हणजे माझ्या भाच्याचं काही जगावेगळं झालेलं नाही, त्याची टेस्ट झाली एवढंच.

आता मुख्य गोष्ट. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा, आणि खाल्लेल्या अन्नातलं जे काही रक्तात जायचं ते बहुतेक सगळं या पेशींमधून जातं. पेशींवर दरवाजे असतात, प्रथिनांचे, आणि प्रत्येक दरवाजा ठराविक गोष्टीसाठी. लोहाचा वेगळा, कॅल्शियमचा वेगळा, अमिनो आम्लांचे वेगळे. शिशासाठी दरवाजा नाही, कॅडमियमसाठी नाही, पाऱ्यासाठी नाही, असणार तरी कसा, शरीराला त्यांचा उपयोगच नाही. मग ते आत कसे येतात? दुसऱ्याच्या दरवाजातून. शिशाचा आयन आकाराने आणि विद्युतभाराने कॅल्शियम आणि लोहाशी इतपत जुळतो की दरवाजाला फरक कळत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं जाईल, कारण प्रत्येक जड धातूचं वागणं तो कुणाचं सोंग घेऊन आत आलाय यावर ठरतं.

इथे लोहाबद्दल थोडं थांबायला हवं. तांबं जास्त झालं तर लिव्हर ते पित्तात टाकतं आणि ते शौचावाटे जातं, म्हणजे पितळेच्या भांड्यात कळकलेलं ताक चुकून प्यायलं तर मळमळ होईल, उलटी होईल, पण त्यातून जे तांबं अंगात जाईल त्याला बाहेरची वाट आहे. लोहाला तशी वाटच नाही. शरीर लोह मुद्दाम बाहेर टाकू शकत नाही, दिवसाला एखादा मिलिग्रॅम गळणाऱ्या पेशींसोबत जातो, बायकांचा पाळीत जातो, बस. त्यामुळे लोहाचा सगळा कारभार दरवाजावरच चालतो, साठा भरलेला असला की दरवाजे कमी करायचे, साठा रिकामा झाला की वाढवायचे. आणि ज्याच्या अंगात लोह कमी त्याच्या आतड्यात हे दरवाजे सताड उघडे, त्यातून लोह तर येतंच पण लोहाच्या वेशातलं शिसं आणि कॅडमियमही येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. अशा मुलांमध्ये लोहाची कमी हे फार मोठं कारण असतं, आणि मला हा आकडा दर वेळी शिशाच्या बाजूने पण दिसतो, की इतक्या पोरांची दारं उघडी आहेत.

मोठ्या माणसाने खाल्लेल्या शिशातलं साधारण १० टक्के रक्तात जातं, लहान मुलांचं ४० ते ५० टक्के. शिसं असलेली एकच हळद एकाच घरात आईने आणि मुलाने खाल्ली तरी मुलाच्या अंगात चार-पाच पट हिस्सा उतरतो, वर त्याचं वजन कमी आणि मेंदू अजून बांधला जातोय. आणि पोट रिकामं असेल तर मोठ्यांचंही प्रमाण ५०-६० टक्क्यांपर्यंत जातं, कारण जेवणातलं कॅल्शियम, फॉस्फेट, धान्यातलं फायटेट हे सगळं शिशाला धरून ठेवतं नाहीतर दरवाजासाठी त्याच्याशी स्पर्धा करतं. म्हणून मी बहिणीला सगळ्यात पहिलं सांगितलं ते हे, की त्याला उपाशीपोटी खाली खेळायला सोडू नकोस, दूध-पोळी, नाचणीचं सत्त्व, काहीतरी पोटात असू दे. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आपल्याकडे बाळांना ती भरवतातच. जे शिसं या दरवाजातून गेलंच नाही ते शौचावाटे निघून जातं, आणि काही धातू आतड्याच्या पेशीत शिरून तिथेच अडकतात, त्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि धातू त्यांच्यासोबत बाहेर. शरीराची शिशाविरुद्धची सगळ्यात मोठी बचाव फळी ही आहे, आणि ती रक्ताच्या अलीकडे आहे.

रक्तात गेल्यावर काय होतं हे फार सुंदर प्रयोगातून कळलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत मायकल रॅबिनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी पाच निरोगी पुरुषांना खाण्यातून शिशाचा एक दुर्मिळ, किरणोत्सारी नसलेला आयसोटोप, म्हणजे त्याच धातूचा वेगळ्या वजनाचा अणू, अगदी बारीक प्रमाणात दिला, शिसं-२०४, आणि मग महिनोनमहिने रक्त, लघवी, शौच, केस, नखं, घाम सगळं मोजत बसले. दुर्मिळ आयसोटोप असल्यामुळे नेमकं "हे आपण दिलेलं शिसं" असं ओळखता येत होतं. त्यातून तीन कप्पे दिसले. पहिला रक्ताचा, त्यात शिसं साधारण महिनाभर मुक्काम करतं. दुसरा मऊ अवयवांचा, तिथेही महिना-सव्वा महिना. आणि तिसरा हाडांचा, तिथला मुक्काम दहा हजार दिवसांच्या घरात. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं.

कारण परत तेच, सोंग. हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, शिसं कॅल्शियमसारखं वागतं, तर शरीर ते घेऊन विटेसारखं हाडात बसवून टाकतं. मोठ्या माणसाच्या अंगातल्या एकूण शिशापैकी ९० टक्क्यांच्या वर हाडांत आणि दातांत असतं. मुलांत सत्तरेक टक्के, म्हणजे बाकीचं रक्तात आणि मेंदूसारख्या मऊ अवयवांत फिरतंय. रक्ताची टेस्ट आपल्याला गेल्या एक-दोन महिन्यांतलं सांगते, आयुष्यभराचा साठा सांगत नाही.

आणि हाड काही दगड नाही, ते सतत मोडत आणि बांधत असतं. गरोदरपणात, अंगावर पाजताना, पाळी गेल्यावर हाडातलं कॅल्शियम निघतं तेव्हा शिसंही निघतं. सिडनीत ब्रायन गुलसन यांच्या टीमने १९९० च्या दशकात हे पकडलं, पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या बायका त्यांनी निवडल्या, कारण ऑस्ट्रेलियन खाणीतल्या शिशाची आयसोटोपची ठेवण वेगळी आणि युरोपातली वेगळी. त्या बायका गरोदर राहिल्यावर त्यांच्या रक्तात जुन्या देशाचं शिसं वर आलं, जे मागे राहिलेल्या गावातल्या हवेतलं-अन्नातलं होतं आणि हाडांत बसून समुद्र ओलांडून आलं होतं. ते नाळेतून बाळात जातं, नाळ शिशाला अडवत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली, तिची सगळी तरुण वर्षं शिसंवाल्या पेट्रोलच्या काळात शहरात गेली, आपल्याकडे ते पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांच्या हाडांत त्या धुराचा काहीतरी हिस्सा बसलेला आहे.

मग बाहेर जातं कसं? मुख्य वाट लघवीची, दुसरी पित्तातून शौचाची, केस-नखं-घाम यातून थोडंसं. पण लघवीची वाट अरुंद का आहे ते समजून घ्या, कारण "भरपूर पाणी पी" चं उत्तर इथेच आहे. किडनी रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, गाळते, लाल पेशी गाळत नाही. आणि रक्तातलं ९९ टक्के शिसं लाल पेशींच्या आत प्रथिनांना घट्ट धरून बसलेलं असतं. म्हणजे किडनीच्या गाळणीपुढे येतं ते एक टक्क्याच्या आसपास. तुम्ही चार लिटर पाणी प्यायलात तर लघवी पातळ होईल, गाळणीपुढे येणारं शिसं तेवढंच राहील. हीच गोष्ट घाम काढण्याची, घामात शिसं सापडतं हे खरं, पण हाडातला साठा त्याने हलत नाही. कोथिंबीर भाजीत घाला, छान लागते, पण ती माणसाच्या अंगातलं शिसं ओढून काढते असा भक्कम पुरावा कुठे नाही.

औषध आहे का, तर आहे. धातूला चिमट्यासारखं पकडून लघवीवाटे नेणारी औषधं, त्याला किलेशन म्हणतात. पहिलं असं औषध दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये बनलं, आर्सेनिकवाल्या ल्युइसाइट वायूवर उतारा म्हणून, आज त्याला डायमरकॅप्रॉल म्हणतात, नंतर ईडीटीए आलं, सक्सिमर आलं. खूप जास्त शिसं असेल, मुलांमध्ये ४५ च्या वर, तर ही औषधं जीव वाचवतात, त्यात वाद नाही. पण कमी पातळीला काय? अमेरिकेत ७८० लहान मुलांवर याची मोठी चाचणी झाली, रक्तात शिसं २० ते ४४ असलेली मुलं, निम्म्यांना सक्सिमर आणि निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या, निकाल २००१ मध्ये आला. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं. बुद्धीच्या आणि वागण्याच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला हा निकाल आजही चटका लावतो, कारण त्याचा अर्थ सरळ आहे, मेंदूवर जे झालं ते नंतर शिसं काढून भरून येत नाही. आणि ही औषधं घरी प्रयोग करायची नाहीत, शिशासोबत ती जस्त आणि तांबंसुद्धा नेतात, आणि ईडीटीएचा चुकीचा प्रकार दिला गेला तर रक्तातलं कॅल्शियम अचानक कोसळतं, अमेरिकेत २००५ साली एक लहान मूल असंच गेलं. त्या दिवशी बहिणीला हे वाक्य मी दोनदा सांगितलं, ऑनलाइन "किलेशन किट" म्हणून काही दिसलं तर हात लावू नकोस.

आता कॅडमियम, याचं लवकर सांगते पण भीती मला याचीच जास्त वाटते. अन्नातल्या कॅडमियमचं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास आत जातं, लोह कमी असलेल्या बायकांत दुप्पटही. ऐकायला किरकोळ. पण आत गेल्यावर लिव्हर त्याला मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात बांधून ठेवतं, गंधकाने भरलेलं छोटं प्रथिन, धातूला जाळ्यासारखं पकडणारं, मग त्यातलं थोडं थोडं किडनीत येतं, किडनी ते गाळते, आणि ही पुडी म्हणजे एक चांगलं प्रथिन आहे, वाया घालवू नये, असं समजून परत आत ओढून घेते. पुडी फुटते, कॅडमियम तिथेच राहतं. अर्धं कमी व्हायला १० ते ३० वर्षं. रोज लघवीवाटे जातं ते एकूण साठ्याच्या दहा हजारावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. जन्मलेल्या बाळाच्या अंगात कॅडमियम जवळपास नसतंच, नाळ ते बऱ्यापैकी अडवते, आणि तिथून पन्नाशीपर्यंत ते फक्त साठत जातं. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर भातशेती व्हायची आणि वर कामिओका खाणीतून कॅडमियम नदीत येत होतं, तिथल्या चाळिशी-पन्नाशीच्या, चार-पाच बाळंतपणं झालेल्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडायची. त्या आजाराचं नावच "इताई-इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय". १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. दुखणं हाडात पण मूळ किडनीत, खराब झालेली किडनी फॉस्फेट आणि कॅल्शियम धरून ठेवू शकत नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांच्या अंगात कॅडमियम साधारण दुप्पट असतं कारण तंबाखूचं पान जमिनीतून ते शोषून घेतं आणि फुप्फुसात आतड्यासारखा कडक दरवाजा नाही. कॅडमियम बाहेर काढायचं खात्रीचं औषध नाही. धूम्रपान सोडणं आणि लोह भरून काढणं, हातात एवढंच आहे.

आर्सेनिक, आपल्या जुन्या भाषेत सोमल, बरोबर उलटं. पाण्यातलं आर्सेनिक ९० टक्क्यांच्या वर आत जातं, जवळजवळ अडवणूक नाही, एक प्रकार फॉस्फेटच्या दरवाजातून आणि दुसरा पाणी-ग्लिसरॉलच्या नळ्यांतून. पण बाहेरही भराभर जातं. लिव्हर त्याला मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा एक छोटा तुकडा, जोडतं, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि किडनी ते सहज सोडते, बरंचसं दोन-चार दिवसांत लघवीत. लघवीतल्या आर्सेनिकपैकी ६० ते ८० टक्के असं दोनदा मिथाइल जोडलेलं असतं. तुम्ही म्हणाल मग प्रश्न काय? प्रश्न हा की पहिला मिथाइल लागल्यावरचा मधला टप्पा मूळ आर्सेनिकइतकाच किंवा त्याहून विषारी असू शकतो, म्हणून ज्यांचं दुसरं पाऊल लंगडं पडतं त्यांना त्रास जास्त. आणि दुसरं म्हणजे रोजच्या पाण्यात असेल तर रोज जाऊन रोज येतं. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तळहातावर खडबडीत गाठी आलेले पेशंट ओळखले, ते ट्यूबवेलचं पाणी पिणारे शेतकरी कुटुंबांतले लोक होते. महाराष्ट्रात गंगेच्या खोऱ्यासारखा प्रश्न नाही, पण छत्तीसगडमधला कौडीकसाचा भाग आर्सेनिकसाठी ओळखला जातो आणि तो गोंदिया-गडचिरोलीच्या शेजारीच आहे.

मिथाइल गट जोडायला फोलेट हे ब जीवनसत्त्व लागतं. बांगलादेशात फोलेट कमी असलेल्या लोकांना फॉलिक ॲसिड दिल्यावर त्यांच्या रक्तातलं आर्सेनिक कमी झालं, म्हणजे इथे खाण्याने खरंच निचरा सुधारतो, पालेभाजी, डाळी, हरभरे. डिटॉक्स शब्दाला थोडाफार अर्थ कुठे असेल तर तो इथे, बाकी कुठे मला दिसत नाही. आणि तांदळाचं एक सांगायचंय. पाण्यात उभं असलेलं भाताचं रोप आर्सेनिक गव्हापेक्षा जास्त ओढतं, तर तांदूळ सहा-दहा पट पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं की त्यातलं ४० ते ६० टक्के अजैविक, म्हणजे विषारी रूपातलं, आर्सेनिक पाण्यासोबत जातं. कोकणात भात वेळायचे ती हीच पद्धत. काही ब जीवनसत्त्वंही जातात हे खरं, आणि मूळ पाण्यातच आर्सेनिक असेल तर वेळण्याने काही साधत नाही. भाताशिवाय ज्यांचं दिवसातून दोनदा पान हलत नाही त्यांनी अधूनमधून असा भात करायला हरकत नाही.

मासे खाणाऱ्यांना एक सूचना, लघवीत आर्सेनिकची टेस्ट करायची असेल तर आधी तीन-चार दिवस मासळी बंद ठेवा. माशातलं आर्सेनिक बहुतांशी आर्सेनोबीटेन नावाच्या निरुपद्रवी रूपात असतं, ते जसंच्या तसं एक-दोन दिवसांत लघवीतून जातं, पण मशीन एकूण आर्सेनिक मोजत असेल तर आकडा बघून घरात रडारड व्हायची.

माशांवरून पारा. पाऱ्याइतका रूपावर अवलंबून धातू दुसरा नाही. थर्मामीटर फुटून गोळी पोटात गेली तर ०.०१ टक्कासुद्धा शोषली जात नाही, जशी गेली तशी बाहेर, पण त्याच पाऱ्याची वाफ श्वासात गेली तर ८० टक्के आत. पाऱ्याचे क्षार पोटात गेले तर १० टक्क्यांच्या आसपास. आणि मिथाइलमर्क्युरी, जो पाण्यातले जिवाणू बनवतात आणि छोट्या माशातून मोठ्या माशात साठत जातो, तो ९५ टक्के आत. याचं सोंग सगळ्यांत बेमालूम, तो सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ती जोडी मेथिओनिनसारखी दिसते, मेथिओनिन तर मेंदूला आणि बाळाला हवंच असतं, म्हणून मेंदूचा पडदा आणि नाळ दोन्ही त्याला स्वतः दार उघडून देतात. जपानच्या मिनामाता गावात कारखान्यातला पारा मासळीतून लोकांच्या अंगात गेला, तिथली सगळी करुण कहाणी या एका सोंगाची आहे, १९५६ मध्ये आजार नोंदला गेला आणि कारण सरकारने मान्य करायला १९६८ उजाडलं.

बाहेर जायची वाट पित्ताची. लिव्हर पारा पित्तात टाकतं, पित्त आतड्यात येतं, आणि आतडं त्यातला बराचसा परत शोषून घेतं, परत लिव्हर, परत पित्त, असा घाण्याच्या बैलासारखा फेरा. त्या फेऱ्यात आतड्यातले जिवाणू थोड्या थोड्या मिथाइलमर्क्युरीचा मिथाइल तोडतात, मग तो साधा पारा उरतो, तो फारसा परत शोषला जात नाही आणि शौचावाटे जातो. रोज अंगातल्या साठ्याच्या एक ते दीड टक्का, अर्धा व्हायला पन्नास ते सत्तर दिवस. इराकमध्ये १९७१-७२ साली मेक्सिकोहून बियाण्याचा गहू आला होता, पाऱ्याचं बुरशीनाशक आणि लाल रंग लावलेला, पेरणी होऊन गेली होती, लोकांनी गहू धुतला, रंग निघाला, वाटलं विष निघालं, आणि रोट्या केल्या. साडेसहा हजारांवर माणसं हॉस्पिटलात गेली, त्यातली ४५९ मेली. तिथे डॉक्टरांनी गंधकवाली एक राळ तोंडाने देऊन बघितली, जी आतड्यात पारा धरून ठेवते आणि फेरा तोडते, तर रक्तातला पारा लवकर उतरला. आणि कुणी कधी किती खाल्लं ते केसांवरून काढलं, केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो आणि त्यात त्या त्या महिन्याचा पारा बसतो, रोजनिशीसारखा. मासळी सोडायची नाही, उलट बाळाच्या मेंदूला तिच्यातलं ओमेगा-३ हवंच, फक्त गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मोरीसारखे मोठे, बरीच वर्षं जगलेले शिकारी मासे टाळून मांदेली, तारली, बोंबील, बांगडा असं लहान काहीतरी खावं.

येतं कुठून यावर तिघी-चौघी मैत्रिणींनी विचारलं म्हणून थोडं. बांगलादेशात हळदीला चकाकी आणायला शिशाचं पिवळं रंगद्रव्य, लेड क्रोमेट, चोळायचे, गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं त्याच हळदीशी जुळलं, २०१९ मध्ये सरकारने धाडी टाकल्या आणि बाजारातल्या नमुन्यांत भेसळीचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. हे मला खूप धीर देणारं उदाहरण वाटतं. आपण अख्खं हळकुंड घेऊन डंकावर कुटून आणलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही, तिकडे रंग हळकुंडालाच चोळला जात होता. कल्हई करताना शुद्ध कथील वापरलंय का ते कल्हईवाल्याला विचारा, त्यात शिसं मिसळलेलं असेल तर आमटीतली चिंच आणि कोकम ते बरोबर ओढून घेतं. आणि भस्मं. नाग भस्म म्हणजे शिशाचंच, आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा आणि हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं खनिज, हेही येतात, २००४ मध्ये बॉस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक मोठ्या प्रमाणात निघालं. वैद्यांवर राग नाही माझा, पण लहान मुलाला आणि गरोदर बाईला असं औषध धातूची तपासणी केलेली नसताना देऊ नये या मतावर मी ठाम आहे.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हळद निर्दोष निघाली. त्यांच्या बिल्डिंगच्या खाली गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारं दुकान आहे, पोरं तिथल्याच धुळीत खेळतात आणि तेच हात तोंडात. हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं, बहिणीने झाडू बाजूला ठेवून घर रोज ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, चपला दाराबाहेर, खायच्या आधी साबणाने हात, आणि खेळायची जागा बदलली, दुकानदाराशी बोलणं झालं तर तो बिचारा घाबरून स्वतःच्या मुलीची टेस्ट करून आला. चार महिन्यांनी भाच्याचं शिसं ८ आलं, परवा ६.

बहिणीचा फोन आला, आवाजात थोडी निराशा होती, "ताई सगळं बंद करून वर्ष होत आलं, अजून शून्य का नाही?" म्हटलं अगं रक्तातलं कधीच गेलं असेल, आता जे दिसतंय ते हाडातून झिरपतंय, त्याची हाडं वाढतायत, मोडून नवी होतायत, तसं ते थोडं थोडं येतं आणि थोडं थोडं किडनीतून जातं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, नाचणीचे लाडू चालतील का डब्याला. पुढची टेस्ट दिवाळीनंतर आहे.